आबांचा घाट, माझं तोंड

“या पावणं, या! मलकापूर, आंबा, साखरपा, रत्नागिरी! आवो, त्या मागच्या मोटारीत कुठं चढताय? तिचा डायवर घाटात भ्यानं डोळं मिटतोय! आमचा बी मिटतोय, पर झोप येती म्हणून! डोळं झाकून घाट उतरतोय आमचा गडी, डोळं झाकून! आज्जी, तुमी म्होरं बसा. कोंबडी मांडीवर घ्या, तिकीट न्हाई तिला. चला, सुटली, सुटली!”

सुटलेलं काहीच नव्हतं. मोटार अजून अर्धा तास जागची हलणार नव्हती. लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती तरी पेट्रोल मोजूनमापून मिळायचं, म्हणून आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागच्या बाजूला लोखंडी टाकी, तिच्यात कोळसा, आणि कोळसा फुलावा म्हणून हातानं फिरवायचा पंखा. तो पंखा फिरवत मी ओरडत होतो. वय चोवीस, आणि गळा असा की मी कोल्हापूरच्या मोटारअड्ड्यावर हाक घातली की पन्हाळ्यावरची माणसं घाईघाईनं मुंडासं बांधून गड उतरायला लागायची.

आणि ज्या गड्याची मी तारीफ करत होतो तो गडी त्या वेळी मोटारीखाली उताणा पडून ब्रेकच्या सळया एकेक करून हातानं ओढून बघत होता. तो माझा बाप. आम्ही घरातले सगळे त्यांना आबा म्हणायचो. रोज सकाळी मोटार सुटायच्या आधी आबा तिच्याखाली जायचे. सळया, खिळे, पिना, स्प्रिंगचे पाटे, सगळ्यावरनं हात फिरवायचे. मग बाहेर येऊन चारी चाकांना लाथ घालायचे, हात धुवायचे, बोनेटला नमस्कार करायचे आणि चढायचे. बारा वर्षांत त्यात एक दिवस खाडा नाही. ओरडणं मात्र त्यांना सोसायचं नाही. मोटारीखालनं त्यांचा आवाज यायचा, “आरं, बास की आता.” मी आणखी मोठ्यानं ओरडायचो.

यात माझा एकट्याचा दोष नव्हता. रत्नागिरीच्या रस्त्याला तेव्हा चार खासगी मोटारी होत्या, आणि चारी मोटारींचे कंडक्टर अड्ड्यावर आपापल्या ड्रायव्हरला असंच नाचवायचे. कुस्तीच्या मैदानात पैलवान मातीत उतरायच्या आधी हलगीवाल्याच्या पुढं एक जण ओरडत फिरतो ना, की हा गडी सकाळी बारा शेर दूध पितो आणि म्हशीला शेपटीला धरून उचलतो, तसंच. तिथं कुणी उठून विचारत नाही की म्हैस कुठाय. आमच्याकडं बोलणारा शंभर सांगतो, ऐकणारा त्यातलं पाच घेतो, आणि दोघंही खूश होऊन घरी जातात. किती वजा करायचं हे कोल्हापूरच्या माणसाला आईच्या दुधाबरोबर कळतं. जगात वजाबाकी न येणारी माणसंही असतात, हे मला चोवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तो रस्ता आता तुम्ही बघितलात तर माझ्यावर विश्वास बसणार नाही. आता शनिवारी सकाळी माणसं पोरंबाळं, बॅट, चेंडू, पोहायच्या चड्ड्या गाडीत कोंबतात आणि दुपारच्या जेवणाला समुद्रकाठच्या हॉटेलात सुरमईची वाट बघत बसतात. घाटात थांबून फोटो काढतात. दरीकडं पाठ करून हसतात. त्या दरीकडं पाठ करायची आमची छाती नव्हती.

पंचगंगेचा पूल ओलांडला की केर्ली, मग पन्हाळ्याच्या पायथ्याचं वाघबीळ, मग बोरपाडळे, तिथं कोडोलीकडची माणसं चढायची. मग बांबवडे, मलकापूर, आंबा, आणि तिथनं खाली कोकण. मैल म्हणाल तर ऐंशी-बयाऐंशी, पण त्या मैलांना हाडं होती. बांबवड्याच्या पुढं एक खड्डा एवढा होता की एका पावसाळ्यात शेजारच्या शेतकऱ्यानं त्यात भाताची रोपं लावली, आणि पीक तुडवू नये म्हणून आम्ही दिवाळीपर्यंत कडेनं मोटार नेली. शाहूवाडीच्या हद्दीत पाऊस वरनं खाली पडायचाच नाही, तो आडवा यायचा. जाताना डावीकडची माणसं भिजायची आणि उजवीकडची त्यांना हसायची, येताना उलट. आणि आंब्याच्या घाटातलं धुकं? मी एकदा तिकीट द्यायला हात लांब केला तर माझा मलाच तो दिसेना. घेणाऱ्यानं तिकीट घेतलं, पण कुणी घेतलं हे साखरप्यापर्यंत कळलं नाही.

कोल्हापुरातनं गुळाच्या ढेपा जायच्या, तिकडनं सुकी मासळी यायची, आणि वैशाखात आंब्याच्या पेट्या. आबांच्या सदऱ्याला बारा महिने गूळ आणि बोंबील यांचा एकत्र वास यायचा. एवढी वर्षं ते रत्नागिरीला गेले, पण त्यांनी समुद्रात पाय बुडवला नव्हता. तिथं पोचलं की ढेपा उतरवायच्या, मासळी भरायची, मोटारीखाली जायचं. मी म्हणायचो, “आबा, एवढं आलोय तर समुद्र तरी बघा.” ते म्हणायचे, “दिसला की वरनं.”

घाटातलं त्यांचं चालवणं बघितलं असतं तर माझ्या बढाया ऐकून तुम्ही माझ्या कानाखाली वाजवली असती. चढणीला मोटार धापा टाकायला लागली की सगळ्यांना खाली उतरवायचे. म्हातारी असो, बाळंतीण असो, चालायचं. उतरणीला प्रत्येक वळणाच्या आधी मोटार जवळजवळ थांबवायचे, भोंगा दोनदा दाबायचे, ऐकायचे, मग हलायचे. धुकं असलं की मला टॉवेल घेऊन पुढं चालायला लावायचे. पांढरा टॉवेल खांद्यावर टाकून मी घाट उतरायचो आणि मागनं मोटार गाईसारखी यायची. बारा वर्षांत आबांच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. रत्नागिरीवाले उतारू शेवटी कंटाळून म्हणायचे, “बैलगाडी बरी.” मी म्हणायचो, “आज साहेब लोक बसल्यात म्हणून जपून चाललोय, न्हाईतर कवाच पोचलो असतो.” उतारू हसायचे. त्यांना वजाबाकी यायची.

मग कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात गेलं, आणि थोड्याच दिवसांत बातमी आली की खासगी मोटारी बंद होणार, रस्ता सरकार घेणार. आमचा मालक सीमेकडचा गुळाचा व्यापारी, घरात कानडी बोलणारा. त्यानं एक दिवस आबांना बोलावून सांगितलं, “यप्पा, मी मोटार विकून टाकतो. मला गुळात पोट आहे. तुमचं तुम्ही बघा.” त्याचं बरोबर होतं. त्याला गुळात पोट होतं. आम्हाला स्टेअरिंगवर होतं. घरात आई, मी, माझी बायको, दोन धाकट्या बहिणी, आणि सगळ्यांचं खाणं त्या एका चाकाभोवती फिरत होतं.

पण सरकारनं एक दार उघडं ठेवलं होतं. जुन्या मोटारींवरच्या माणसांची परीक्षा घेणार आणि पास होतील त्यांना सरकारी गाडीवर घेणार. मी सातवी पास होतो, कंडक्टर म्हणून माझी जागा होण्यासारखी होती. आबांना सहीपुरतं लिहिता यायचं. पण ड्रायव्हरची परीक्षा कागदावर नव्हती, रस्त्यावर होती. साहेब शेजारी बसून नेहमीच्या रस्त्यानं जाऊन येणार, बघणार आणि शेरा लिहिणार. आई मला म्हणाली, “त्या रस्त्यावर तुझ्या बाला कोण नापास करणार?” मला ते एवढं पटलं की मी त्या आनंदात शेजारच्या तालमीत जाऊन सांगून आलो, आबांना सरकारनं आंब्याच्या घाटाचा सुभेदार केलं म्हणून.

साहेब पुण्याकडचे होते. बारीक, चष्मा, हातात काळी वही. साखरेशिवाय चहा प्यायचे, यावरनंच मी ओळखायला हवं होतं. नेहमीसारखे उतारू भरलेले, साहेब पुढं आबांच्या शेजारी. आबांनी सकाळी मोटारीखालचं सगळं उरकून ठेवलं होतं, साहेब यायच्या आधीच. मालकाच्या सांगण्यानं मोटारीला पाणी मारून हार घातला होता, आणि आबांनी तो हार काढून ठेवला, काचेसमोर लोंबतोय म्हणून.

आंब्यापर्यंत आबांनी अशी मोटार नेली की साहेबांच्या हातातला पेन वळणावरसुद्धा घसरला नाही. आंब्याला चहासाठी थांबलो. इंजिन तापलं होतं. आबा बादली घेऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागले, आणि साहेब हॉटेलच्या बाकड्यावर माझ्याजवळ येऊन बसले. शाहूवाडीकडचे दोन-तीन उतारू कप धरून आजूबाजूला उभे.

“तुमचे वडील किती वर्षं आहेत या रस्त्यावर?”

“साहेब, आदी आबा आलं. मग त्यांच्या मागनं खडी टाकत सरकार आलं.”

उतारू हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिताना बघून माझी छाती तिथल्या तिथं चार बोटं फुगली. आजवर माझं बोलणं वाऱ्यावर जायचं. पहिल्यांदाच ते कागदावर उतरत होतं.

“कधी अपघात?”

इथं मी थांबायला हवं होतं. खरं उत्तर एका शब्दाचं होतं. पण ते एवढं अळणी लागलं मला! एवढा मोठा साहेब पुण्याहून आलेला, आणि त्याच्या ताटात मी ‘नाही’ एवढंच वाढू? आमच्या घरी पाव्हण्याला असं कुणी वाढत नाही.

“आपघात कसला साहेब, यम दोनदा मोटारीला हात करून थांबला, आबांनी घेतला न्हाई. जागा न्हाई म्हणालं.”

“म्हणजे काय झालं होतं?”

“बिरेक गेलं की भर घाटात! वरच्या तोंडालाच. आत बासष्ट माणसं, टपावर गुळाच्या चाळीस ढेपा आणि एक नवरदेव.”

“नवरदेव टपावर?”

“आत जागा न्हवती साहेब. तर आबांनी काय करावं? बिडी पेटवली. एक हात चाकावर, एक हात बिडीवर, आणि मोटार सुटली. वळणं येत हुती आणि मागं पळत हुती. साखरप्याला मोटार आपणहून थांबली. मोटार दमली साहेब, आबा न्हाई दमलं.”

“म्या हुतो की त्या मोटारीत!” शेजारचा शाहूवाडीचा एक म्हातारा कप खाली ठेवून म्हणाला. आयुष्यात तो आमच्या मोटारीत दुसऱ्यांदा बसला असेल. “नवरदेव माझ्याच भावकीतला. फेटा उडाला तो आजून सापडला न्हाई.”

“व्हय, व्हय,” बाकीचे म्हणाले. प्रेमानं म्हणाले. त्यांना वाटलं पोरगं बापाची कुस्ती लावतंय, हलगी आपणही वाजवू.

साहेब लिहीत होते. “पण घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासले नव्हते?”

“बिरेक तपासणारं डायवर येगळं, साहेब. आमच्या आबांनी जल्मात मोटारीखाली वाकून बघितलं न्हाई. पाय ठेवला की कळतंय त्यांना.”

का म्हणालो मी हे? आजवर हजार वेळा विचार केला. मला वाटतं, मोटारीखाली उताणा पडलेला माणूस मला मिस्त्री वाटायचा, मर्द नाही वाटायचा. साहेबापुढं मला मर्द उभा करायचा होता.

“आणि धुक्यात?”

“धुक्यात तर जास्त पळवत्यात. म्होरलं दिसतच न्हाई, मग भ्या कशाचं?”

साहेबांनी पान उलटलं. मी मनात म्हटलं, आता दुसरं पान, आता आबांचं नाव थेट मुंबईला जातंय. मग मी त्यांना बहात्तर उतारूंची फेरी सांगितली, अंगात एकशेपाच ताप असताना आबांनी मोटार आणल्याचं सांगितलं. वाघाला मोटारीपुढं अर्धा मैल पळवल्याचंही सांगितलं. यातलं एकही खरं नव्हतं. वाघ तर आबांनी फक्त सर्कशीत बघितला होता. आबा वीस पावलांवर पाणी ओतत होते. त्यांच्या कानावर काय जात होतं, हे मी वळून बघितलंसुद्धा नाही.

परीक्षेची फेरी साखरप्यापर्यंतच होती. तिथनं परत फिरलो तर घाटात धुकं उतरलेलं. आबांनी नेहमीसारखी मोटार थांबवली आणि मला म्हणाले, “टावेल घे.” मी खाली उतरलो. साहेबांनी खिडकीतनं मान बाहेर काढून मला विचारलं, “आज फार जपून चालवतायत?”

“तुमी बसलाय म्हणून, साहेब!” मी टॉवेल झटकत ओरडलो.

नेहमीचंच वाक्य. मोटारीतले उतारू हसले. आबांनी माझ्याकडं बघितलं. धुकं होतं, पण तेवढं दिसलं मला. मग त्यांनी भोंगा दोनदा दाबला आणि मी चालायला लागलो.

कोल्हापूरला पोचल्यावर साहेबांनी आबांना ऑफिसात बोलावलं. पाच मिनिटं आत होते. मी बाहेर उतारूंना सांगत होतो की आता पगार ठरतोय. आबा बाहेर आले, टोपी नीट केली आणि म्हणाले, “चल.” आम्ही घरी आलो. आईनं शिरा केला होता. तो मी खाल्ला, आबांच्या वाटचाही.

पंधरा दिवसांनी मला बोलावणं आलं. आबांना नाही. मी म्हटलं, मोठ्या माणसाचा कागद सावकाश येतो. ऑफिसात एक कारकून होता, त्यानं माझी सही घेतली, खाकी कापड दिलं, बिल्ला दिला. मी विचारलं, “आमच्या आबांचं?” त्यानं फाईल उघडली. माणूस मनानं चांगला होता, त्यानं हळू वाचलं, पण मोठ्यानं वाचलं असतं तरी चाललं असतं, कारण मला पुढचे कित्येक महिने दुसरं काही ऐकूच आलं नाही.

चालक धाडसी. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक न तपासण्याची सवय. धुक्यात वेग वाढवतो. क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी. ताप असताना वाहन चालवतो. परीक्षेच्या वेळी मुद्दाम जपून चालवले. मुलाच्या व नेहमीच्या प्रवाशांच्या तोंडून खात्री केली. घाटाच्या रस्त्यासाठी अयोग्य.

“आणि तुमच्यावर चांगला शेरा आहे,” कारकून म्हणाला. “बोलका. प्रवाशांशी वागणूक उत्तम. घ्यावा.”

मी तडक साहेबांकडं गेलो. खाकी कापड काखेतच होतं. म्हणालो, “साहेब, म्या खोटं बोललो. आबा रोज मोटारीखाली जात्यात. बिरेक कधीच गेलं न्हाईत. नवरदेव न्हवता, वाघ न्हवता, काय न्हवतं.”

साहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

“तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?”

“तवा, साहेब.”

“ठीक आहे.” त्यांनी खणातनं कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. आवाज चढवला नाही, तोंड वेडंवाकडं केलं नाही. त्यांच्यावर राग काढायलासुद्धा मला काही सापडलं नाही. “त्या दिवशी मी सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली, असं लिहा, सही करा. वडिलांची परीक्षा पुन्हा घेता येईल का ते मी बघतो. मात्र तुमच्या नेमणुकीचाही मग फेरविचार करावा लागेल. हे आधीच सांगतो.”

मी म्हणालो, “उद्या आणून देतो, साहेब.”

तो कागद मी घरी आणला. घडी घालून खाकी शर्टाच्या खिशात ठेवला. उद्याचा परवा झाला. परवा मला कामावर हजर व्हायचं होतं, मी झालो. पहिल्या पगाराला लिहून देऊ म्हटलं. मग बायकोचं बाळंतपण आलं. मग साहेबांची बदली झाली, आणि मला इतकं हलकं वाटलं की त्या रात्री मी पोटभर जेवलो. हे मी अतिशयोक्ती न करता लिहितोय. आयुष्यात पहिल्यांदा.

घरात मी सांगितलं की आबांना सहीपलीकडं लिहिता येत नाही म्हणून घेतलं नाही. आई साहेबाला शिव्या घालत राहिली. मीही घातल्या. आबा ऐकत राहिले. दोन महिने त्यांनी दुसरीकडं मोटार शोधली, पण सगळ्याच मोटारी बंद होत होत्या, आणि घाटासाठी अयोग्य म्हणून ठरलेला ड्रायव्हर लाकडाच्या लॉरीवरसुद्धा कुणी घेईना. शेवटी ते बोरपाडळ्याजवळच्या एका गुऱ्हाळावर लागले. गूळ करायचा नाही, नुसता जाळ घालायचा. उसाची वाळलेली चिपाडं हातानं भट्टीत ढकलत राहायचं, रस उकळायच्या काहिलीखालचा जाळ कमी होऊ द्यायचा नाही. मालकानं म्हणे त्यांना सांगितलं होतं, तुम्ही सावध माणूस आहात, जाळ तुम्हीच बघा.

ते गुऱ्हाळ रस्त्याला लागून होतं. माझी गाडी दिवसाआड तिथनं जायची. नवी गाडी, बसायला गाद्या, वर दिवे. मी बिल्ला लावून दारात उभा. गुऱ्हाळाजवळ आलं की मी उगाचच तिकिटं मोजायला लागायचो. कधी नजर गेलीच तर आबा भट्टीच्या तोंडाशी बसलेले दिसायचे, डोक्याला फडकं, अंगावर राख. गाडीच्या आवाजावर त्यांनी मान वर केल्याचं मला कधी दिसलं नाही. आवाजावरनंच त्यांना कळत असेल की गियर कधी बदलला आणि उशिरा बदलला की वेळेवर.

त्या वर्षात मी अड्ड्यावर ओरडलो नाही. सरकारी गाडीला ओरडावं लागत नाही, वेळ झाली की ती जाते. उतारू मात्र विचारायचे, “काय कंडक्टर, गप का? ती डोळं झाकून घाटाची गोष्ट सांगा की!” एकानं तर आबांची नवरदेवाची गोष्ट मलाच सांगितली, आपण त्या मोटारीत होतो म्हणून. टपावर दोन नवरदेव होते म्हणाला.

ऊसतोडीच्या दिवसांत एका दुपारी गाडी नेमकी गुऱ्हाळापाशी तापली. बोनेटातनं वाफ. ड्रायव्हर नवा पोरगा, घाबरला. पाणी आणायला मला जावं लागलं. आबांनी बघितलं, उठले, रसाच्या पिंपाजवळची बादली घेतली, विहिरीवर जाऊन भरून आणली आणि माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले. नव्या पोराला म्हणाले, “टोपण लगीच उघडू नगंस. हात भाजंल. वाईच थांब.” मग गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या डाव्या चाकाजवळ थांबून खाली वाकले, बघितलं, आणि म्हणाले, “हिकडचा पाटा मोडायला आलाय. मलकापुरात दाखवा. घाटात घालू नगा.”

खरंच मोडायला आला होता.

उतारू उसाच्या रसाला गेले. ड्रायव्हर पाणी ओतत होता. मी आणि आबा भट्टीजवळ उभे राहिलो. त्यांच्या भुवया जळालेल्या होत्या, हातावर फोड होते. माझ्या खिशात साहेबांच्या कोऱ्या कागदाची ती घडी अजून होती. धुण्यात दोनदा भिजून तिचा लगदा झाला होता, तरी मी शर्ट बदलला की ती दुसऱ्या शर्टाच्या खिशात घालत होतो. मी ती काढून त्यांच्या हातात दिली.

सगळं सांगितलं. आंब्याला चहा पिताना काय काय बोललो ते सांगितलं. कारकुनानं वाचलेला शेरा सांगितला, शब्दाला शब्द. साहेबानं कागद दिला, मी लिहून दिलं असतं तर तुमची परीक्षा परत झाली असती, आणि मी दिलं नाही, नोकरी जाईल म्हणून. लिहिता येत नाही म्हणून घेतलं नाही, हे घरात सांगितलेलं सगळं खोटं. मला वाटलं ते हात उगारतील. उगारावा असं मला फार वाटत होतं.

आबांनी चिपाडांचा एक कवळा भट्टीत ढकलला. जाळ वर आला, मग सारखा झाला.

“त्या दिवशी ऑफिसात साहेबानं मलाच इचारलंतं,” ते म्हणाले. “म्या म्हणालो, पोरगं खरं बोलतंय.”